सेन्सर म्हणजे ‘शेवटी एक कपॅसिटर’ नव्हे

‘मेम्स सिम्युलेशनचा बाऊ’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सूक्ष्म यांत्रिक सेन्सर (मेम्स) म्हणजे शेवटी एक कपॅसिटर, तेव्हा एफईएममधून (रचनेचे बारीक तुकडे करून हिशेब करणारी पद्धत) त्याची किंमत काढा आणि स्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेटर) टाका. प्लेट हलवायची असेल तर पुल-इन व्होल्टेजचं, म्हणजे प्लेट ज्या व्होल्टेजला एकदम ओढली जाऊन आदळते त्याचं, सूत्र आहे, त्याच्या खाली राहिलं की काही होत नाही. डँपिंग (कंपन विरवणारा विरोध) म्हणजे एक क्यू (तो जितका जास्त तितकं कंपन जास्त टिकतं), १००० धरा. यांत्रिक भाग दाखवायचाच असेल तर आरएलसी (रेझिस्टर, इंडक्टर, कपॅसिटर) जोडा, कुठलाही मोफत स्पाइस पुरतो, आणि तो कन्व्हर्ज झाला, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावला, की उत्तर बरोबर. मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली की एफईएम आणि चिप जुळतात. बाकी सगळं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी उभं केलेलं भूत.

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) घेतलेल्या माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, मग मी इतके दिवस उगाच डोकं फोडत होते का?’ नाही, उगाच नाही. आणि हा मजकूर वाचून कुणी डोकं फोडणं थांबवलं तर त्याची चिप फुकट जाईल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्या हिशेबाला एकच प्लेट धरू. सिलिकॉनची, १०० बाय १०० मायक्रॉन, जाडी २ मायक्रॉन. खाली स्थिर इलेक्ट्रोड, मधली फट २ मायक्रॉन. टांगलेल्या स्प्रिंगांचा एकूण ताठपणा १ न्यूटन प्रति मीटर. वस्तुमान साधारण ४७ नॅनोग्रॅम येतं, नैसर्गिक फ्रीक्वेन्सी २३.३ किलोहर्ट्झ आणि स्थिर कपॅसिटन्स ४४ फेम्टोफॅरड. प्रत्येक आकडा कागदावर करून बघता येईल.

पहिलं विधान सगळ्यात घातक आहे, म्हणून वेळ त्यालाच देते.

४४ फेम्टोफॅरडचा कपॅसिटर स्पाइसमध्ये टाकलात की तुम्ही सिम्युलेटरला सांगता, ही प्लेट जागची हलत नाही. पण प्लेट हलते म्हणून तर तो सेन्सर आहे! व्होल्टेज लावलं की दोन प्लेटा एकमेकींना ओढतात, फट कमी होते, कपॅसिटन्स वाढतो, ओढ आणखी वाढते, स्प्रिंग उलटी ओढते. सर्किट आणि प्लेट एकाच फेऱ्यात बांधलेली आहेत. तो फेरा कापून एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूला नेला तर मधला परिणाम कुठेच धरला जात नाही.

करंटचंच बघा. प्लेटेवरचा विद्युतभार म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज. त्याचा बदलाचा दर काढला की दोन तुकडे पडतात: व्होल्टेज बदलल्यामुळे येणारा करंट आणि कपॅसिटन्स बदलल्यामुळे येणारा करंट. ३ व्होल्टचा स्थिर बायस (कायम लावलेलं व्होल्टेज) लावून प्लेटेची हालचाल मोजता तेव्हा पहिला तुकडा शून्य असतो, सगळा सिग्नल दुसऱ्यातून येतो. कपॅसिटर स्थिर धरला तर दुसरा तुकडाही शून्य, म्हणजे तुमच्या ॲम्प्लिफायरला सिम्युलेशनमध्ये इनपुटच नाही. हीच चूक व्हेरिलॉग-ए या मॉडेल लिहिण्याच्या भाषेत लिहिणारेही करतात. कपॅसिटन्स हलता ठेवतात, पण करंट लिहिताना ‘कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा डीडीटी’ असं लिहितात (डीडीटी म्हणजे वेळेनुसार बदलाचा दर). लिहायला हवं ‘कपॅसिटन्स आणि व्होल्टेज यांच्या गुणाकाराचा डीडीटी’. कंस एका जागी सरकला की गतीचा सिग्नल गायब होतो, आणि सिम्युलेटर एका शब्दाने तक्रार करत नाही.

आता उलट दिशा. ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १ मेगाहर्ट्झचा, १ व्होल्ट शिखराचा कॅरियर (वाचनासाठीचा वेगवान सिग्नल) लावून कपॅसिटन्स वाचायचा, ही नेहमीची पद्धत. २३ किलोहर्ट्झची प्लेट १ मेगाहर्ट्झच्या मागे धावू शकत नाही, म्हणून कॅरियरचा तिच्यावर परिणाम होणार नाही असं वाटतं. होतो, कारण वर्ग केल्यावर सरासरी शून्य राहत नाही, अर्धा व्होल्ट-वर्ग उरतो. तेवढ्याने या प्लेटेवर ५.५ नॅनोन्यूटनची कायमची ओढ लागते. भागिले वस्तुमान केलं की ती १२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या बारापट) त्वरणाएवढी होते. सेन्सर टेबलावर पडून आहे आणि वाचणारं सर्किटच त्याला १२ जीने खाली खेचतं आहे! दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड ठेवून डिफरन्शियल (दोन्हींतल्या फरकाचं) वाचन करतात ते उगाच नाही. तरी ही ओढ पूर्ण कटते ती प्लेट नेमकी मधोमध असेल तेव्हाच. ती किती सरकल्यावर किती उरते, हे कळायला प्लेट आणि सर्किट एकत्र सोडवण्यावाचून मार्ग नाही.

बायसनेही प्लेट बदलते. ३ व्होल्ट लावले की ती ०.११ मायक्रॉन खाली बसते आणि विद्युत ओढ स्प्रिंगेच्या उलट काम करत असल्याने ताठपणा सुमारे १२ टक्के उतरतो. फ्रीक्वेन्सी २३.३ वरून २१.९ किलोहर्ट्झवर येते. ऑसिलेटरचा लूप २३.३ ला जुळवून चिप पाठवली असेल तर परत आल्यावर लूप का पकडत नाही याचा शोध आठवडाभर चालेल.

आणि यात नवं काय आहे? हार्वे नॅथनसन आणि सहकाऱ्यांचा ‘रेझोनंट गेट ट्रान्झिस्टर’वरचा शोधनिबंध १९६७चा. ट्रान्झिस्टरच्या वर सोन्याची एक सूक्ष्म पट्टी अधांतरी, हलणारी पट्टी म्हणजेच गेट (ट्रान्झिस्टरचा करंट ठरवणारं टोक). या क्षेत्रातल्या अगदी सुरुवातीच्या उपकरणांपैकी हे एक, आणि त्यात यंत्र आणि ट्रान्झिस्टर वेगळे काढताच येत नव्हते. पट्टी एका मर्यादेपलीकडे वाकली की अस्थिर होते, हे विश्लेषणही त्याच निबंधात आहे. जोडून विचार करण्याची गरज मेम्सचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांच्या जन्माआधीची आहे. तेव्हा विक्रीचं भूत वगैरे बोलण्याआधी निदान तेवढा एक निबंध वाचावा.

एक गोष्ट मान्य करते. फक्त ॲम्प्लिफायरचा नॉइज आणि बँडविड्थ तपासायची असेल तर स्थिर कपॅसिटर, त्याच्या थोडा वर आणि थोडा खाली अशा दोन किमती आणि पॅडचा (वायर जोडण्याच्या धातूच्या चौकोनाचा) पॅरासिटिक, म्हणजे नको असलेला कपॅसिटन्स, एवढं पुरतं. पॅड मात्र विसरू नका. १ मायक्रॉन ऑक्साइडवरचा १०० बाय १०० मायक्रॉनचा पॅड एकटा ३४५ फेम्टोफॅरड देतो, सेन्सरच्या जवळजवळ आठपट. मजकुरात पॅडचं नावही नाही.

पुल-इनच्या सूत्राकडे येऊ. सूत्र बरोबर आहे: प्लेट फटीच्या एक तृतीयांश सरकली की स्प्रिंग हरते. आपल्या प्लेटेला ते ५.१७ व्होल्ट देतं. पण हा आकडा व्होल्टेज अगदी सावकाश चढवलं तरचा आहे. डँपिंग नगण्य असताना व्होल्टेज एकदम लावलं तर प्लेट वेगात येते, समतोलाची जागा ओलांडून पुढे जाते आणि ४.७५ व्होल्टलाच आदळते. गुणोत्तर २७ भागिले ३२चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.९२. व्हॅक्यूम पॅकेजमधल्या स्विचला ४.९ व्होल्टची पायरी दिली तर सूत्र म्हणतं सुरक्षित, आणि प्लेट जाऊन चिकटते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुल-इन हा एकट्या प्लेटेचा गुणधर्मच नाही. प्लेटेला सलग (सिरीजमध्ये) एक कपॅसिटर जोडा, स्थिर कपॅसिटन्सच्या निम्म्याहून लहान, म्हणजे इथे २२ फेम्टोफॅरडच्या आत. आदर्श हिशेबात पुल-इन होतच नाही, प्लेट पूर्ण फटीत कुठेही स्थिर ठेवता येते. आता प्लेटेला समांतर तो ३४५ फेम्टोफॅरडचा पॅड येऊ द्या. प्लेटेच्या बाजूने पाहिलं तर सलग कपॅसिटर आणि पॅड यांची बेरीज दिसते, ती २२च्या कितीतरी वर जाते आणि सगळा फायदा संपतो. प्लेट तीच, स्प्रिंग तीच, वायरिंगमुळे वागणं बदललं. हे कुठल्या एका सूत्रात बसवणार?

आदळल्यानंतरचं मॉडेलही लिहावं लागतं. फट शून्याकडे गेली की ओढ अनंताकडे जाते आणि सिम्युलेटर ‘टाइम-स्टेप फार लहान’ म्हणून थांबतो. त्यासाठी एक अडथळा द्या: समजा ०.२ मायक्रॉन फट उरताना सुरू होणारी, मूळ स्प्रिंगेच्या हजारपट ताठ अशी दुसरी स्प्रिंग, सोबत थोडं डँपिंग, आणि ती अचानक नव्हे तर गुळगुळीत वक्राने सुरू होणारी. मग सुटण्याचं व्होल्टेजही मिळतं. ५.१७ ला बसलेली प्लेट पृष्ठभागाचं चिकटणं धरलं नाही तर १.२८ व्होल्टला सुटते. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यात प्लेट वर आहे की खाली, हे आधी काय घडलं त्यावर ठरतं. ड्रायव्हर सर्किट करणाऱ्याला हे माहीत हवंच.

‘क्यू १००० धरा.’ कुठल्या दाबाला? आपल्या प्लेटेला छिद्रं नाहीत आणि ती साध्या हवेत आहे असं धरा. फटीतली हवा पिळून बाहेर काढताना होणाऱ्या विरोधाचा चौकोनी प्लेटेचा हिशेब केला तर क्यू ०.०७ येतो. हजार नव्हे, एकही नव्हे. अशी प्लेट कंप पावत नाही, मधात बुडाल्यासारखी सरकते. छिद्रं याचसाठी पाडतात. शिवाय हा विरोध फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने प्लेट पुल-इनच्या बिंदूपर्यंत येते तेव्हा तो ३.४ पट झालेला असतो. म्हणजे एक स्थिर रेझिस्टर टाकूनही भागत नाही, डँपिंग हे स्थितीवर अवलंबून लिहावं लागतं. २ मायक्रॉनच्या फटीत हवेच्या रेणूंचा मुक्त मार्गही नगण्य राहत नाही. टिमो वैजोला आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दिलेल्या दुरुस्तीने हवेची परिणामी चिकटता इथे सुमारे १६ टक्क्यांनी घटते. त्याच निबंधात या हवेच्या थराचं समतुल्य सर्किटही मांडलं आहे. ते वापरा, अंदाज कशाला?

आता आरएलसी. हे अर्धसत्य आहे आणि अर्धं खरं आहे म्हणूनच खपतं. बायस ठरलेला आहे, हालचाल फटीच्या मानाने अगदी लहान आहे आणि रेझोनेटर एकाच मोडमध्ये (कंपनाच्या एकाच प्रकारात) चालतो आहे, तर आरएलसी आणि त्याला समांतर स्थिर कपॅसिटर हे मॉडेल चालतं, क्वार्ट्झ क्रिस्टलला चालतं तसंच. पण त्या आर, एल, सीच्या किमती त्याच बायसच्या असतात. बायस बदलला की पुन्हा काढायच्या. मोठी हालचाल, पुल-इन, फोर्स-फीडबॅक (बल लावून प्लेट जागी धरणं) यांपैकी काहीही आलं की हे मॉडेल मोडतं. बायस हवाच, ही अट सहज विसरली जाते: बायस न देता नुसता एसी लावला तर वर्गामुळे बल दुप्पट फ्रीक्वेन्सीला लागतं आणि प्लेट निम्म्या फ्रीक्वेन्सीच्या सिग्नलने नाचते. आरएलसीला हे दिसतच नाही. मोफत स्पाइस पुरतो, हेही खरं आहे. बिहेव्हियरल सोर्स (समीकरणाने चालणारे स्रोत) वापरून वर सांगितलेलं सगळं त्यात लिहिता येतं. महागडं टूल नाही म्हणून कुणी अडू नये.

पण ‘कन्व्हर्ज झाला की उत्तर बरोबर’ हे वाक्य त्या मजकुरातून कुणीतरी खोडायला हवं.

स्पाइसला मीटर कळत नाही. प्लेटेची स्थिती तुम्ही नोडच्या व्होल्टेजमध्ये ठेवता. १ मीटरला १ व्होल्ट धरलात तर २ मायक्रॉनची अख्खी फट २ मायक्रोव्होल्टची झाली. स्पाइसचा व्हीएनटॉल (व्होल्टेजमध्ये चालवून घेतलेली चूक) मुळात असतो १ मायक्रोव्होल्ट. ३ व्होल्टला प्लेट ०.११ मायक्रॉन हलते, म्हणजे ०.११ मायक्रोव्होल्ट. सिम्युलेटरच्या दृष्टीने हा फरक मोजण्याच्याही खाली आहे, म्हणून तो लगेच कन्व्हर्ज होतो आणि कचरा देतो. १ मायक्रॉनला १ व्होल्ट असं प्रमाण ठेवा. ॲक्सेलरोमीटरसाठी तेही पुरत नाही: १ जीला ही प्लेट ०.४६ नॅनोमीटर हलते, एक हजारांश जीला ०.४६ पिकोमीटर. तिथे व्हीएनटॉल १ नॅनोव्होल्टपर्यंत उतरवा आणि रेलटॉलही (सापेक्ष चुकीची मर्यादा) आवळा.

व्हेरिलॉग-ए वापरणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. राशींच्या व्याख्या असलेल्या प्रमाण डिसिप्लिन फाइलमध्ये स्थितीची ॲब्सटॉल (चालवून घेतलेल्या चुकीची) मर्यादा १ मायक्रोमीटर आणि बलाची १ मायक्रोन्यूटन आहे. आपली फट २ मायक्रॉन आणि ३ व्होल्टचं बल ०.११ मायक्रोन्यूटन! फाइल सामील करण्याआधी दोन्हींचे मॅक्रो स्वतः ठरवा, १ पिकोमीटर आणि १ पिकोन्यूटन ही सुरुवात ठीक.

मग इंटिग्रेशनची, म्हणजे काळात पायरी-पायरीने पुढे जाण्याची, पद्धत. बॅकवर्ड ऑयलर स्वतःच खोटं डँपिंग घालतो. एका आवर्तनाला शंभर पायऱ्या घेतल्या तरी बिनघर्षणाच्या रेझोनेटरचा क्यू त्यात १६च्या आसपास दिसतो. पायऱ्यांची संख्या भागिले २π, इतका सरळ हिशेब आहे. गिअर पद्धतीतही कृत्रिम डँपिंग असतंच, कमी असतं एवढंच. ट्रॅपेझॉइडल पद्धत क्यू बिघडवत नाही, पण तितक्याच पायऱ्यांना फ्रीक्वेन्सी दहा लाखांत सुमारे ३३० भागांनी खाली दाखवते. क्यू १०,००० असेल तर रेझोनन्सची रुंदीच दहा लाखांत १०० भाग, म्हणजे शिखर तीन रुंदी बाजूला सरकलं. आणि अशा प्लेटेची कंपनं विरण्याचा काळ ०.१४ सेकंद, १ मेगाहर्ट्झ क्लॉकची १,३७,००० आवर्तनं. ट्रान्झिएंटवर (क्षणाक्षणाच्या हिशेबावर) तासन्‌तास बसण्यापेक्षा हार्मोनिक बॅलन्स किंवा एन्व्हलप ॲनालिसिस (कंपनाचा आकार थेट काढणाऱ्या पद्धती) घ्या. मॉडेल नीट आहे का हे बघायला सोपी चाचणी म्हणजे डँपिंग शून्य करून प्लेट सोडा आणि शंभर आवर्तनांनंतरची उंची बघा. कमी झाली तर सोल्व्हर डँपिंग घालतो आहे. वाढत गेली तर बल आणि विद्युतभार एकाच ऊर्जेच्या सूत्रातून काढलेले नाहीत, मॉडेल हवेतून ऊर्जा तयार करतं आहे.

एफईएममधून कपॅसिटन्स घेताना नेमकं हेच होतं. आठ-दहा वेगवेगळ्या फटींना कपॅसिटन्स काढा, हे योग्यच आहे. या प्लेटेला नुसत्या कडांच्या क्षेत्रामुळे साध्या सूत्रापेक्षा आठ-नऊ टक्के जास्त येतो. पण ते बिंदू सरळ रेषांनी जोडलेल्या तक्त्यात घालू नका. बल कपॅसिटन्सच्या उतारावरून येतं, आणि सरळ तुकड्यांचा उतार प्रत्येक सांध्याला उडी मारतो. उत्तर शोधणाऱ्या न्यूटन पद्धतीची आवर्तनं तिथेच अडकतात. गुळगुळीत वक्र बसवा आणि त्याच वक्रातून बलही काढा.

उरली बारीक मेश. मेश बारीक केल्याने तुम्ही काढलेल्या चित्राचं उत्तर अचूक होतं, फॅक्टरीत बनलेल्या वस्तूचं नाही. वर-खाली न हलता चिपच्या पातळीतच आडवी सरकणारी रचना घ्या, पट्टीची रुंदी २ मायक्रॉन, फट २ मायक्रॉन. एचिंगने (कोरण्याच्या क्रियेने) प्रत्येक कडेला ०.१ मायक्रॉन जास्त खाल्लं तर पट्टी १.८ होते आणि फट २.२. ताठपणा रुंदीच्या घनावर जात असल्याने २७ टक्के पडतो, फ्रीक्वेन्सी जवळपास १५ टक्के. पुल-इन मात्र फक्त दीड टक्का हलतं, कारण वाढलेल्या फटीने घट भरून काढली. फक्त पुल-इन मोजून ‘मॉडेल जुळलं’ म्हणणारा इथे फसतो. उलट माँटे कार्लोमध्ये (किमती यदृच्छ बदलून केलेल्या चाचण्यांत) रुंदी आणि फट स्वतंत्र सोडली की पातळ पट्टी आणि अरुंद फट अशी या चुकीतून कधीच न बनणारी जोडी येते आणि पुल-इन २७ टक्के पडलेलं दिसतं. दोन्ही एकाच ओव्हर-एच (जास्तीच्या एचिंगच्या) पॅरामीटरला बांधा. तो पॅरामीटर मोजण्यासाठी त्याच वेफरवर वेगवेगळ्या रुंदीचे तीन-चार साधे रेझोनेटर ठेवा आणि त्यांच्या फ्रीक्वेन्सींवरून तो काढा. मग त्या एका आकड्याने पुल-इन आणि फ्रीक्वेन्सी दोन्ही जुळतात का ते बघा. जुळले नाहीत तर मॉडेलमधल्या स्प्रिंगेचा आकडा ओढूनताणून बसवू नका, आधी अँकरची (स्प्रिंग जिथे रोवली आहे त्या टोकाची) लवचीकता आणि थरातला उरलेला ताण तपासा.